पाठीवरचं पोतं टाकायचं नसतं

डॉक्टरांनी एमआरआयची काळी फिल्म दिव्याच्या पाटीवर लावली आणि पेनाच्या टोकानं एका जागी टिचकी मारली. "ही कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी. ती फाटून मागं सरकलीय आणि पायाकडं जाणारी नस दाबायलीय. याला डिस्क प्रोलॅप्स म्हणतात." मग त्यांनी मालकांच्या उजव्या पायाकडं बघत विचारलं, "पायाला मुंग्या, बधिरपणा कधीपासून आहे?"

मालक म्हणजे माझा नवरा, ज्ञानोबा. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. ते स्ट्रेचरवर आडवे पडले होते. त्यांनी डॉक्टरांकडं बघितलं नाही, माझ्याकडंही बघितलं नाही. दाराशी उभ्या असलेल्या खलीलभाईकडं बघितलं.

"पोळ्यापासून, साहेब," खलीलभाई म्हणाला. "आधी निस्ता अंगठा बधिर व्हायचा. दसऱ्यानंतर पिंडरीपर्यंत गेलं."

तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत मी या माणसाला जेवायला वाढलं, त्याच्या पाठीला तेल चोळलं, त्याच्या शेजारी झोपले. आणि त्याच्या पायाला मुंग्या येतात हे मला दारात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून कळालं. डॉक्टर पुढं बरंच बोलले. मला त्यातलं निम्मं ऐकू आलं नाही. आजाराची भीती नंतर वाटली. आधी अंगाचा तिळपापड झाला तो या गोष्टीनं.

ज्यांच्या घरात ओझं उचलणारं माणूस आहे त्यांच्यासाठी मी हे लिहायलेय. मग ते मोंढ्यात असो, गोदामात असो, नाहीतर सिमेंटच्या दुकानात. गोड बोलून धीर देणारे लय भेटतील. मी जसं झालं तसं सांगते, आणि माझा स्वभाव काही गोड नाही.

आधी खलीलभाई कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला माझा राग कळायचा नाही.

मोंढ्यात पोतं एकट्यानं पाठीवर घेता येत नाही. एकजण वाकून पाठ देतो, दुसरा पोत्याचे कान धरून ते त्याच्या पाठीवर चढवतो. म्हणून हमालाला जोडीदार लागतो. मालक आणि खलीलभाई एकाच हंगामात हमालांच्या टोळीत आले, तेव्हापासून त्यांची जोडी. माझं लग्न त्यानंतर झालं. पोराला व्यसन नाही, अंगात ताकद आहे, एवढं माझ्या वडलांना सांगितलं होतं. त्याला आधीच एक बायको आहे आणि तिला दाढी आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

हसू नका. मी केलेला ठेचा मालक डब्यात घेऊन जायचे आणि घरी येऊन खलीलभाईच्या बायकोच्या खिचडीचं कौतुक करायचे. मोंढ्यातली एक बातमी घरात यायची नाही, घरातली मात्र सगळी मोंढ्यात जायची. माहेरी झरीला माझ्या भावाची सोयरीक मोडली, ते खलीलभाईला माझ्या शेजारणीच्या आधी माहीत. मी काही विचारलं की "काय न्हाई" एवढंच उत्तर. आणि खलीलभाईचा फोन आला की ओसरीत फेऱ्या मारत तासभर बोलणं. दिवसभर तर सोबतच असता की, मग आणखी काय बोलायचं राहतं?

तर मालकांना मोंढ्यातून दवाखान्यात आणलं त्या दिवशी काय झालं ते मला खलीलभाईनंच सांगितलं, एमआरआयच्या खोलीबाहेर. सोयाबीनचा हंगाम होता. ट्रक भरणं चालू होतं. ओट्यावरून ट्रकमध्ये जायला लाकडाची फळी टाकलेली असते. एक पोतं फाटकं निघालं आणि त्यातून फळीवर दाणे सांडले. सोयाबीनचा दाणा गोल आणि गुळगुळीत असतो, त्यावर पाय पडला की थांबत नाही. त्याच फळीवर मालक पाठीवर पोतं घेऊन चढले आणि पाय सटकला.

आता बघा, इथं शहाणा माणूस काय करील? पोतं टाकून देईल. फुटलं तर फुटलं, सोयाबीन गोळा करता येते. पण मोंढ्यातला रिवाज निराळा आहे. पाठीवर घेतलेलं पोतं रचलेल्या पोत्यांच्या थप्पीपर्यंत पोचवायचं, मधी टाकायचं नाही. ज्यानं टाकलं त्यानं सगळ्या टोळीला चहा पाजायचा, आणि पुढच्या हंगामापर्यंत लोक त्याला "काय पाव्हणं, आज किती टाकले?" म्हणून विचारणार. चहाचं कुणाला काही वाटत नाही, विचारण्याचं वाटतं.

"मी मागून वरडलो, भाभी," खलीलभाई म्हणाला. "टाक ग्यानबा, टाक म्हणलो. त्यानं टाकलं न्हाई. कमरेतून असा पिळला, पण पोतं धरून ठेवलं. ट्रकमधी गेला, थप्पीवर नीट ठेवलं, कान सरळ केले. मंग खाली बसला, आन् उठलाच न्हाई."

पोतं जागेवर ठेवून मग बसले. पोत्याचे कान सरळ केले. मी त्यांना सहा महिने सांगत होते, पाठ दुखती तर दवाखान्यात चला. हमालाची पाठ दुखायचीच, असं म्हणत माझं म्हणणं रोज खाली टाकायचे. ते टाकल्यावर टोळीला चहा पाजावा लागत नाही ना.

त्याच एमआरआयच्या खोलीबाहेर आणखी एक झालं. तिथल्या मुलानं सांगितलं, अंगावरची अंगठी, कडं, साखळी सगळं काढून ठेवा, आत मोठं चुंबक आहे. मालकांच्या बोटात माझ्या वडलांनी लग्नात घातलेली अंगठी होती. मी स्ट्रेचरला चिकटून उभी होते, हात पुढं केलेला. मालकांनी अंगठी काढली आणि माझ्या हातावरून पलीकडं, खलीलभाईच्या हातात दिली. मोंढ्यात काम सुरू करताना अंगठी सुतळीत अडकू नये म्हणून ते रोज तसं करायचे आणि काम थांबलं की परत घालायचे, असं मला मागून समजलं. सवय, म्हणे. मी हात मागं घेतला आणि पदर नीट केल्यासारखं केलं.

पुन्हा डॉक्टरांच्या खोलीत येते. डॉक्टर म्हणाले, "उजवं पाऊल वर उचला." मालकांनी जोर लावला, कपाळाला घाम आला. गुडघा हलला, पाऊल जिथल्या तिथं लोंबत राहिलं. डॉक्टर म्हणाले, "हे फूट ड्रॉप. पाऊल वर उचलणारी नस काम करेनाशी झालीय. असं चालायला गेलं तर बोटं जमिनीला घासतात आणि माणूस पडतो."

मग त्यांनी आम्हाला दोघांना, म्हणजे मला आणि खलीलभाईला, समोर बसवून सांगितलं. गादीचा बाहेर आलेला तुकडा काढायचा, त्या ऑपरेशनला डिस्केक्टॉमी म्हणतात. ते लवकर करायचं, कारण नस जितकी जास्त दिवस दबून राहील तितकी सुकत जाईल. "दुखणं जाईल," ते म्हणाले. "पाऊल परत येईल की नाही हे मी आज सांगू शकत नाही. आणि आलं तरी यापुढं पोतं उचलायचं नाही."

शेवटी त्यांनी मालकांना विचारलं, "घसरलात तेव्हा पोतं सोडून का दिलं नाही?" खलीलभाईनं उत्तर दिलं, "साहेब, आमच्यात टाकत न्हाईत." डॉक्टर फिल्म काढता काढता म्हणाले, "मणका टाकलेला चालतो का तुमच्यात?" त्यावर खलीलभाईनं मान खाली घातली, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या दिवसात तेवढाच एक आनंद झाला.

एक गोष्ट डॉक्टरांनी बजावून सांगितली ती मी तुम्हाला तशीच सांगते. पाठीच्या दुखण्यात लघवी अडकली, किंवा कळायचं बंद झालं, बसायच्या जागेला बधिरपणा आला, दोन्ही पायातली ताकद जायला लागली, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. तेल नाही, शेक नाही, झाडपाला नाही. तसंच उठून मोठ्या दवाखान्यात जायचं. याला कॉडा इक्वायना म्हणतात, म्हणजे खालच्या सगळ्या नसांचा झुपका एकदम दाबला जातो. मालकांना तसं झालं नव्हतं. आणि पायाला नुसत्या मुंग्या आल्या तरी घरात सांगायचं. घरात म्हणजे घरात, मोंढ्यात नव्हे.

ऑपरेशनच्या दिवशी बाकाच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला खलीलभाई. मधी मालकांच्या चपला. खलीलभाईच्या बोटात तसबीच्या माळेचे मणी सरकत होते, मी मनातल्या मनात घरच्या देवाला बोलत होते. तो दोनदा चहा घेऊन आला. मी घेतला, पण त्याच्याकडं बघितलं नाही. डोक्यात एकच चालू होतं. पाऊल उचललं नाही तर या माणसाचं काय? फक्त पोट भरायचा प्रश्न नव्हता. मोंढा गेला की त्याच्याजवळ बोलायला काय राहणार, आणि माझ्याशी तर तो आधीच बोलत नाही.

दार उघडून सिस्टर बाहेर आल्या. "ज्ञानोबांचं कोण आहे?"

आम्ही दोघंही उठलो. सिस्टरनं आधी त्याच्याकडं बघितलं आणि सांगितलं, "ऑपरेशन नीट झालं." मी तिथंच म्हणलं, "मी बायको हाय." सिस्टर म्हणाल्या, "हो का, ऑपरेशन नीट झालं." त्यांनी तेच वाक्य मला परत सांगितलं, पण ते दुसऱ्यांदा सांगितलेलं होतं.

ऑपरेशननंतर माणसाला कुशीवर वळवायची एक पद्धत असते, लॉग रोल. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. खांदा, कंबर आणि पाय तिन्ही एकाच वेळी वळले पाहिजेत, मधी पीळ पडता कामा नये. सिस्टरनं मला शिकवलं. मी खांद्याला आणि कमरेला हात लावला की मालक दातावर दात दाबून सगळं अंग आवळायचे. लाकूड वळवल्यासारखंच व्हायचं, पण जमिनीत रुतलेलं. ते कण्हायचे, मला घाम फुटायचा.

संध्याकाळी काम आटपून खलीलभाई यायचा. अंगाला सोयाबीनचा भुसा, पायात धूळ. हात धुवायचा, मालकांच्या पाठीमागं उभा राहायचा आणि पोतं चढवताना म्हणतात तसं म्हणायचा, "हं... घे." बस. मालक एका दमात कुशीवर. ना कण्हणं, ना काही. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबाबांची सून तर मला म्हणाली, "बाई, तुमचे दीर लय चांगले हायत." दुसऱ्या दिवशी सिस्टरनं मला सरळ सांगितलं, "तुम्ही राहू द्या, त्या भाऊंना येऊ द्या, मग वळवू."

म्हणजे मी काय डबा आणायलाच होते का?

त्या संध्याकाळी मी खलीलभाईला व्हरांड्यात गाठलं. म्हणलं, "उद्यापासून येऊ नका. हंगाम चालू हाय, तुमचं काम बुडायलंय. माझा नवरा मी बघते." त्याचं तोंड उतरलं. "तुमी म्हणाल तसं, भाभी," म्हणाला आणि गेला. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला गार वाटलं.

दुसऱ्या दिवशी मालकांना पहिल्यांदा खाटेच्या कडेला बसवायचं होतं. मी कुणाची वाट न बघता त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. मालक ओरडले. माझ्या कमरेत अशी चमक भरली की मला खाटेचा दांडा धरावा लागला. आम्ही नवरा-बायको दोघंही तोंड वाकडं करून एकमेकांकडं बघत राहिलो. तेवढ्यात फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या. फिजिओथेरपी म्हणजे व्यायामानं अंग परत कामाला लावणं. तरुण पोरगी, पण आवाज कडक. म्हणाल्या, "ताई, तुम्ही त्यांना उचलत नाही, ओढताय. असं केलंत तर शेजारच्या खाटेवर तुम्ही असाल."

त्यांनी मला उभं केलं आणि दाखवलं. पाय खांद्याइतके फाकवायचे, एक थोडा पुढं. वाकायचं ते गुडघ्यात, कमरेत नाही. उचलायचं ते माणूस असो की घागर, अंगाशी घ्यायचं, लांब हात करून नाही. वजन हातात असताना कमरेतून वळायचं नाही, पाय टाकून अख्खं अंग वळवायचं. जड वाटलं तर दुसऱ्याला हाक मारायची, त्यात लाज कसली. आणि शेवटी म्हणाल्या, "सगळ्यात महत्त्वाचं, आधी सांगा आणि मग हात लावा. न सांगता हात लावला की माणूस घाबरून अंग आवळतो. दोघांचा जोर एकाच वेळी लागला पाहिजे."

मी जागच्या जागी उभी राहिले. आधी सांगा, मग हात लावा. म्हणजे "हं... घे."

आता माझी काय दशा झाली असेल ते ओळखा. ज्या माणसाला मी दारातून परत पाठवलं, त्यालाच फोन लावायची वेळ आली. लावला. "उद्या या," म्हणलं. तो घाबरून म्हणाला, "काय झालं भाभी, ग्यानबाला काय झालं?" म्हणलं, "कायबी झालं न्हाई. या."

तो आल्यावर मी त्याला बाहेर नेऊन विचारलं, ते दोन शब्द कसे म्हणायचे ते शिकवा. तो आधी लाजला. मग म्हणाला, "भाभी, 'हं' म्हणून थांबायचं. त्याचा श्वास आत गेला की मंग 'घे'. आधी म्हणलं तर त्याचं अंग तयार नसतंय, नंतर म्हणलं तर दम गेलेला असतो. ग्यानबाचा श्वास जरा लांब हाय. दुसऱ्यापेक्षा थोडं जास्त थांबावं लागतंय."

ग्यानबाचा श्वास जरा लांब आहे. इतकी वर्षं हा माणूस माझ्या शेजारी घोरतो. त्याचा श्वास लांब आहे की आखूड हे मला खलीलभाईनं सांगावं. मी मान डोलावली, आणि आतून जी भडकले होते ती भडकलेलीच राहिले. पण शिकून घेतलं. राग आला म्हणून शिकायचं सोडायचं, एवढी खुळी मी नाही.

रात्रभर त्यांच्या छातीकडं बघितलं म्हणून सांगणार नाही, मला झोप लागली होती. सकाळी मात्र बघितलं. मालक डोळे मिटून पडले होते. मी पाय फाकवले, गुडघ्यात वाकले, हात त्यांच्या खांद्यामागं आणि मांडीखाली घेतला. म्हणलं, "हं..." थांबले. छाती वर आली. "घे."

मालक उठून बसले. एका दमात. अंग हलकं सोडलेलं, कपाळावर एक आठी नाही. माझी कमर जागेवर. मला वाटलं, झालं, आता हा माणूस डोळे उघडून काहीतरी बोलेल.

डोळे न उघडता म्हणाले, "खलील आला का?"

"न्हाई," मी म्हणलं. "मीच हाय."

घरी आल्यावर पायाला एक बूट दिला होता, एएफओ म्हणतात त्याला. कडक प्लॅस्टिकचा साचा असतो, पाऊल लोंबू नये म्हणून पट्ट्यानं पायाला बांधायचा. तो घालून खोलीतल्या खोलीत चालायचं आणि रोज व्यायाम करायचा. टाच भुईला टेकवून बोटं वर उचलायचा प्रयत्न करायचा, उचलली नाही तरी. मॅडमनी सांगितलं होतं, नस लय हळू जागी होते, महिने लागतात, आज काय झालं म्हणून रोज मोजत बसू नका. हे ऐकायला सोपं आहे. मी रोज त्या अंगठ्याकडं बघायची. मालक बघायचे नाहीत, भिंतीकडं तोंड करून व्यायाम करायचे. पाऊल जागचं हलायचं नाही, मग ते जेवताना बोलायचे नाहीत. आधीही बोलायचे नाहीत, पण आताचं न बोलणं निराळं होतं. आधी त्यांना सांगायची गरज वाटायची नाही. आता सांगायची भीती वाटत होती.

मी हॉस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाक करते. एक दिवस दुपारी कामावरून आले तर मालक व्यायाम करत बसले होते. मी समोर बसून भाजी निवडायला घेतली, आणि अंगठा हलला. फार नाही, माशी बसल्यावर हलवावा एवढाच. मी भाजी खाली ठेवली. "परत करा," म्हणलं. परत हलला. मालकांनी वाकून बघितलं, तिसऱ्यांदा केलं. त्यांचे डोळे भरून आले. माझे तर आधीच वाहायला लागले होते. मी त्यांचा हात धरला, आणि ते म्हणाले, "मंगल, खलीलला फोन लाव."

लावला. काय करता. फोनवर खलीलभाई मोठ्यानं रडला, आणि त्याच्या घरातून त्या दिवशी खिचडी आली. चांगली होती. कौतुक करायला माझी जीभ वळत नव्हती, पण चांगली होती.

पाऊल हळूहळू येत गेलं. पूर्ण आलेलं नाही. थकले की उजवी चप्पल अजून घासते, मला घरात बसून त्यावरून कळतं की आज जास्त उभं राहिलेत. पोतं मात्र संपलं. त्यांच्या शेठनं त्यांना थप्पी लावून घ्यायच्या कामाला ठेवलं. पाठीवर काही घ्यायचं नाही, उभं राहून सांगायचं. एक थर आडवा, वरचा उभा, म्हणजे पोती एकमेकांना धरून राहतात. भिंतीपासून थोडं अंतर सोडायचं. घाई झाली म्हणून सरळ उभी चळत लावायची नाही, ती कधी अंगावर येईल सांगता येत नाही. फळीवर दाणा दिसला की काम थांबवायचं, खराटा मारायचा, मग पुढं. आधी लोक कुरकुरले. मालकांचा पाय बघितला की कुरकूर बंद होते.

आणि एक त्यांनी स्वतःहून केलं. टोळीत जाहीर सांगितलं, पाय घसरल्यावर जो पोतं टाकून देईल त्यानं चहा पाजायचा नाही, त्याला मी पाजणार. पहिल्यांदा एका पोरसवदा हमालानं टाकलं तेव्हा सगळे नुसते बघत राहिले. मालकांनी चहा मागवला, त्याच्या हातात दिला. पोतं फुटलं होतं, सोयाबीन सगळीकडं. गोळा केली आणि परत भरली.

मीही मेसमध्ये भाताचं पातेलं एकटीनं उतरवायचं सोडलं. आधी मी तसंच उचलायची आणि कमरेतून वळून ओट्यावर ठेवायची. आता सोबतच्या बाईला दुसरा कान धरायला लावते आणि म्हणते, "हं... घे." ती हसते, पण घेते. तुमच्या स्वयंपाकघरात, दुकानात, कुठंही करून बघा. त्याला काही लागत नाही, एक दुसरं माणूस लागतं.

ज्यांचे आभार मानायचे ते डॉक्टर, सिस्टर, त्या फिजिओच्या मॅडम. मी त्यांच्याकडं पेढे घेऊन गेले होते. खलीलभाईचे आभार मी मानले नाहीत. मानायला पाहिजेत हे मला कळतं. ते मी इथं लिहून टाकले, असं समजा.

आता शेवटचं. परवा मी मालकांचा डबा घेऊन मोंढ्यात गेले. तुरीचा हंगाम आहे, गर्दी होती. मालक थप्पीजवळ स्टुलावर बसले होते. समोर खलीलभाईनं नवीन जोडीदार घेतलाय, पूर्णा गावाकडचा धट्टाकट्टा माणूस. तो वाकला, खलीलभाईनं पोत्याचे कान धरले आणि म्हणाला, "हं... घे." पोतं चढलं. दोघं हसत काहीतरी बोलले. मालक त्यांच्याकडं बघत होते.

ते तोंड मी ओळखलं. दुसऱ्या कुणी ओळखलं नसतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात आरशासमोर उभी राहिले असते तर माझंही तोंड तसंच दिसलं असतं. मी डबा खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी एका पोत्यावर बसले. त्यांचा श्वास आत जायची वाट बघितली, तो लांब आहे हे आता मला माहीत आहे. मग विचारलं, "कुठं दुखतंय?"

मला वाटलं, "काय न्हाई" म्हणतील.

त्यांनी हनुवटीनं फळीकडं दाखवलं. "पाय न्हाई दुखत," म्हणाले. "पण त्यानं दुसऱ्याच्या पाठीवर पोतं ठेवलेलं मला बघवत न्हाई, मंगल. रोज बघायलोय, रोज तसंच व्हायलंय. लय बेक्कार वाटतंय."

मी त्यांना म्हणलं, मला माहीत आहे ते कसं वाटतं. ते म्हणाले, "तुला कसं माहीत?" मी म्हणलं, "ते सोडा, जेवा." डबा उघडून दिला. भाकरीचा पहिला तुकडा मोडताना त्यांनी आजूबाजूला बघितलं, जरा माझ्याकडं सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "खलीलला सांगू नको."

मी नाही सांगितलं.